करोडगिरीचं नाकं आणि अठ्ठावीस मोसंब्या

हे लिहायचंच नव्हतं मला. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कडूबाईकाकू परत माझं तोंड बघणार नाय असं वाटलं. पण माझे दादा, इब्राहीम मिस्त्री, तिथं कामाला होते, सगळं त्यांच्या डोळ्यादेखत झालं, आणि आता गप बसवंना. तर ऐका.

वैजापूरच्या अलीकडं कडूबाईचं रान. मुरमाड जमीन, मोसंबीची अठ्ठावीस झाडं, आणि बांधाला लागून निजामाच्या काळातलं करोडगिरीचं नाकं, म्हणजे बैलगाड्या अडवून मालावर जकात घ्यायची ती चौकी. दोन खोल्या, दोन हात जाड दगडी भिंती. इतकी वर्षं त्यात नुसता कडबा अन् साप.

गेल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याला, पुंजारामला, लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ गेली. गावातल्या पत्र्याच्या खोलीत माणूस उताणा पडलेला. डॉक्टर म्हणले, उन्हाळा जड जाईल ह्यांना, अन् मनाला धक्का बसंल असं काय होऊ देऊ नका. कडूबाईनं त्याच दिवशी ठरवलं. होळीच्या आत नाकं राहण्याजोगं करायचं अन् धन्याला तिथं गारव्यात, त्याच्या झाडांसमोर न्यायचं.

पोरगा सत्यम वाळूजला कंपनीत. म्हणला, "आई, सिमेंट मार, चार दिवसांत विषय संपला."

इब्राहीम मिस्त्री हसले. "बेटा, चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे म्हाताऱ्याला टाईट जीन्स. श्वास कोंडून मरंल ती."

मग खड्ड्यात चुना भिजला, महिनाभर मुरला, त्यात गुळाचं अन् बेलफळाचं पाणी पडलं, आणि गिलावा सुरू झाला. नेमकी तेव्हाच झाडं ताणावर होती. मोसंबीला बहर पाहिजे तर महिनाभर पाणी तोडावं लागतं. झाड उपाशी राहतं, पानं गाळतं, मग पाणी सोडलं की फुलानं पांढरं होतं. पण ताण कुठं थांबवायचा, ते ओळखायला नजर लागते अन् ती नजर होती पुंजारामकडं. दुपारी मिटलेलं पान दिवस कलल्यावरबी उघडलं नाय, की हा गडी जेवण सोडून मोटारीकडं पळायचा.

विहीर दिवसाला द्यायची चार ड्रम, एकाचंच भागंल एवढं. अन् ओला गिलावा एकवीस दिवस भिजवावा लागतो, नायतर तडकतो.

भिंत भिजवायला लागून पाचव्या दिवशी पानं उघडलीच नाय.

"भाभी, झाडं बोलायलीत," मिस्त्री म्हणले. "पाणी तिकडं सोडा."

"अन् भिंत?"

"फुटंल. परत करू."

"परत करू म्हणे! महिना जातो परत करायला. होळी थांबती का तुमच्यासाठी? झाडं दणकट हायेत, आठ दिवस काढतील."

"मालकाला विचारा तरी एकदा."

"काय विचारू? माणूस असा पडलाय."

पुंजारामला एकच शब्द उरला होता. पाणी. पहिल्यांदा म्हणला तेव्हा तिनं तांब्या पुढं केला. त्यानं डाव्या हातानं तो उडवला अन् रानाकडं बोट केलं. तिला कळलं, अन् तोंडातून निघूनच गेलं, "सोडलं, सोडलं. कवाच सोडलं."

तो हसला. अर्ध्या तोंडानं, पण हसला. मग रोजचंच झालं. "पाणी?" "सोडलं व्हय." पुढं पुढं ती सांगायला लागली, कळ्या आल्यात, फूल लागलंय, वास पार विहिरीपर्यंत येतोय. आठाचे सोळा दिवस झाले. एकविसाव्या दिवशी तिनं चारी ड्रम झाडांना घातले, पण शेंडे वाळून काळे पडले होते अन् साल नखानं निघत होती. पाच जगली. तेवीस गेली.

नाकं मात्र झालं. भिंती अशा की गाल लावून बसावं.

होळीच्या आदल्या दिवशी चौघांनी खाट उचलून आणली. कडूबाईनं ती मुद्दाम खिडकीकडं पाठ करून लावली. "बघा, गिलावा कसा झालाय! गार वाटतंय ना?"

पुंजारामनं डावा हात वर केला. खिडकी.

"अण्णा, दमलाय तुम्ही, झोपा आता," सत्यम म्हणला.

हात खाली येईना. कडूबाईनं लई वेळ त्या हाताकडं बघितलं. मग पोराला बाजूला सारलं अन् एकटीनं ती खाट ओढत ओढत फिरवली. त्यानं बघितलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, एकेक झाड मोजल्यासारखं. मग मान वळवली ती भिंतीकडंच.

तेव्हापासून तो एक शब्दबी गेला. तहान लागली तरी मागत नाय, चमचा ओठाला लावावा लागतो. ती म्हणती, "शिव्या द्या मला, मारा, त्या हातात बळ हाय अजून." तो भिंतीकडं बघत राहतो. ती गार भिंत.

गावातलं कुणी जात नाय. काय बोलावं कळत नाय म्हणे. दादा शुक्रवारी नमाजनंतर जातात, सांगतात, भाभी, तू जीव लावायला गेलीस, मारायला नाय. ती म्हणती, भिंत तुमच्याच हातची, तुम्ही असंच म्हणणार.

म्हणून तुम्ही जा. लासूर स्टेशनहून वैजापूरला जाताना रस्त्यावरूनच दिसतं ते नाकं. काय बोलायचं सुचलं नाय तर नुसतं बसा, ती चहा टाकंल. पण पुढच्या महिन्यात जाऊ, सुट्टीत जाऊ, असं करू नका. ह्याच रविवारी जा, प्लीज.