मामाच्या कोटाचा रंग

पालेगावच्या बालवाडीच्या बाई लाल रंगाला लाल म्हणत नसत. त्या म्हणत, “मामाच्या कोटाचा रंग.” हिरवा म्हणजे सुरूच्या झाडाचा, पांढरा म्हणजे गोळेवाल्याच्या बर्फाचा. रंग शिकवायला त्यांच्याकडे एकच पुस्तक होतं, उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, नाताळच्या चित्रांचं. त्यातला दाढीवाला म्हातारा पोतं भरून खाऊ आणतो, म्हणजे तो मामाच, हे बाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मजकूर इंग्रजी. “मला इंग्रजी वाचता येत नाही, पोरांनाही येत नाही. म्हणून आमचं जमतं,” त्या म्हणत.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भरणाऱ्या त्या वर्गात मीही हेच रंग शिकले. घरी मात्र मी पत्रकांवर वाढले. वडील कारखान्यातल्या युनियनचे. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, वाटायचं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी मी बाईंकडे बसले असताना नव्या टॉवरमधली एक आई आली. “बाई, ते ख्रिसमसचं पुस्तक बंद करा ना प्लीज. पोरगा घरी तसली टोपी मागतो. ह्यांना नाही आवडत.”

“टोपीच मागतो ना? गाडी तर नाही मागत,” बाई म्हणाल्या. “आणि मामा आहे तो. तुमच्याकडे नाही येत का खाऊ घेऊन?”

“माझा भाऊ रिकाम्या हातानं येतो, बाई,” ती हसत म्हणाली आणि मुलाला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात हजर होता.

मला मात्र हा बाईंवरचा अन्यायच वाटला. टॉवरमधून बाईंना नाताळचं पुस्तक बंद करायला सांगितलं, असं पत्रक मी बाईंचं नाव घालून लिहिलं आणि अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर वाटलं. त्याचा फोटो फोनवरून टॉवरच्या प्रत्येक मजल्यावर पोहोचला. आता प्रत्येकाला बाजू घेणं भाग पडलं. महिन्याभरात वर्गात चार मुलं उरली. बाईंनी खोली बंद केली आणि त्या वांगणीला लेकीकडे राहायला गेल्या.

पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ते कितीदा तरी वाचून पाहिलं. चूक कुठल्या ओळीत आहे, तेच सापडत नाही. सापडली असती तर माफी तरी नीट मागता आली असती.

वांगणीला गेले तेव्हा बाई मेथी निवडत होत्या. “वाचलं मी,” त्या म्हणाल्या. “चांगलं लिहितेस गं. पण छापण्याआधी मला विचारायचंस तरी.”

“तुम्ही नको म्हणाला असतात.”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि निम्मी जुडी माझ्यापुढे सरकवली.