मबरूकाच्या हातचे पापुद्रे

नाबुल शहरातल्या आमच्या गल्लीत रमजान लागला की मबरूकाची दोन दुखणी वर येत. एक कंबर, दुसरी जाऊ.

ब्रिक, म्हणजे अंडं भरून तळायची घडी, करायला लागणारे मलसूकाचे, रव्याच्या पिठाचे पातळ पापुद्रे ती तीस वर्षं घरी करून विकत होती. उपड्या तापलेल्या तव्यावर ओल्या पिठाचा गोळा टेकवायचा, चिकटलेला पापुद्रा सोलायचा, रचायचा. सगळं एकटीनं. रचायला वळली की तवा भडके आणि पुढचा पापुद्रा करपे.

धाकटी जाऊ नझीहा हे काम तिच्याच हाताखाली शिकली, आणि चार वर्षांत तिनं गोदाम घेऊन बारा बायका बसवल्या. एक टेकवी, दुसरी सोली, तिसरी रची. तवा क्षणभर रिकामा नसे. मबरूका दुकानातून रव्याची एकेक गोणी आणी, नझीहाचा रवा गिरणीतून ट्रकनं येई. मबरूकाला डझनाला जेवढा खर्च पडे, त्याहून कमीत नझीहा डझन विकून वर नफा काढी. जावाजावांचा उभा दावा जगात सगळीकडेच असतो, पण मबरूकाच्या अंगाचा नुसता तिळपापड होई. नझीहा रव्यात भेसळ करते, असं ती भेटेल त्याला सांगे.

गिऱ्हाईकं तरी गेलीच. उरली फक्त हज करून आलेली, गल्लीत मान असलेली हज्जा शलबिया. "हात म्हणजे मबरूकाचा," असं ती चारचौघींत म्हणे. मबरूका त्या एका वाक्यावर जगत होती.

भेसळ पकडायला मबरूकानं शेजारणीकरवी नझीहाचे डझनभर पापुद्रे आणवले. उजेडात धरले, तळले, खाल्ले. काही म्हणता काही खोट निघाली नाही. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तेवढ्यात नातवाच्या सुंतेसाठी हज्जाची तीस डझनांची मागणी आली. करण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त होतं, आणि कंबर धरली होती. पुन्हा शेजारीण गेली. माल मबरूकाच्या फडक्यात बांधून हज्जाकडे पोचला.

हज्जानं भरल्या घरात पापुद्रा उंच धरला. "याला म्हणतात हात. नाहीतर त्या नझीहाचे, कारखान्यातले." आणि इफ्तारच्या पंगतीसाठी आणखी ऐंशी डझन सांगितले, शुक्रवारपर्यंत.

शेजारीण माहेरी गेलेली. मबरूकाला स्वतःच गोदामात जावं लागलं. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी हवेत, असं ती म्हणाली.

नझीहानं हात पुसले. "ऐंशी घेताय तर डझनामागे कमी लावते, जाऊबाई. जास्त केले की आम्हालाही स्वस्त पडतात." मग हळूच विचारलं, "मागचे तीस आवडले का हज्जाला?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मबरूकाला बरं वाटलं असतं.

"आवडले," ती म्हणाली. "म्हणाली, असा हात गल्लीत दुसरा नाही."

नझीहाचा चेहरा उजळला. मबरूकाला आजवर कधी वाटला नव्हता इतका तिचा हेवा वाटला.