देवाचे डोळे मिटवले तेव्हा

मी शाळेत दोनच वर्षं गेलो, तीही पाट्या फोडायला. तरी आमच्या कानडी मुलखात, चामराजपेटेत, गणपती रंगवणारा म्हणून लोक ओळखायचे. दुकानाचे बोर्डही करायचो, अक्षरं चित्रासारखी बघून. एका दवाखान्याचा बोर्ड उलटा लावून आलो, डॉक्टरच धावत मागं आला.

गल्लीत केबल नुकती आली होती त्या साली, शेजारच्या ख्रिश्चन अक्कांनी मातीचा बाळ येशू आणून दिला. वीतभर, रंग उडालेला. अक्का म्हाताऱ्या, एकट्याच राहायच्या.

"नवा करून दे अण्णा. चोवीसला संध्याकाळी गव्हाणीत निजवायचाय."

रंगवला. आमच्या रीतीनं शेवटी अंघोळ करून डोळे उघडले. मोठे, काळे, गणपतीला काढतो तसे. बाळ झोपलेलं होतं. मिटल्या पापणीचा फुगवटा बोटाला लागत होता, तरी ह्या गाढवाला कळलं नाही.

मग ते बघायला लागलं. फळीवरून नजर थेट माझ्या ताटात. घास उतरेना. वर पंचा टाकला, तर पंच्याखालून बघतंय असं वाटायचं. आमची तीन महिन्यांची पोर रडता रडता थांबायची आणि त्या पंच्याकडे बघून हसायची.

बायको म्हणाली, "देऊन टाका आधी ते."

चोवीसला दुपारी घेऊन गेलो. अक्कांनी बाळ दारातल्या उजेडात धरलं.

"हे काय केलंस? मिटव डोळे."

आमच्यात एकदा उघडलेले डोळे मिटवत नाहीत. मिटवले म्हणजे जीवच काढला. आणि घरात तान्ही पोर. तिला काही झालं तर?

"अक्का, दुसरं काहीही सांगा. हवं तर मिशा काढून देतो."

त्या हसल्या नाहीत. "वर्षभर तो माझ्यावर नजर ठेवतो. आज तोच तान्हा होऊन येतो. मानसुद्धा धरता येत नाही त्याला. कुणी उचललं तरच जगेल, असा. एवढा मोठा देव आपल्या भरवशावर झोपतो, हाच आमचा नाताळ. आज त्यानं झोपायचं, मी जागायचं. तोच जागा राहिला तर मी काय करू, सांग?"

घरून रंग-कुंचला आणला. उजवा डोळा मिटला. डावा मिटेना. रंग ओघळायचा, खालून बुबुळ परत वर. तीनदा झालं. शेवटी अक्कांनी बाळ मांडीवर घेऊन थोपटलं.

"सरी, झालं. आता लाव."

रंग बसला. बाळ हाताला कोमट लागलं. माझाच घाम असेल.

घरी पळत आलो. पोर झोपली होती, फारच गप्प. नाकाशी बोट धरलं.

"रंगाचं बोट नाकात घालताय होय?" बायको ओरडली.

श्वास लागला बोटाला. पण मिटल्या पापण्यांखाली पोरीची बुबुळं हलत होती, कुणाच्या तरी मागं मागं फिरल्यासारखी. बायको जेवायला हाका मारत होती. मी पाळण्याची दोरी धरून तिथंच बसलो.