पिंपळाजवळ बंद पडणारी मोटर

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही मोठ्या आजोबांना विचारलंत, पाण्याखालचं गाव खरंच डोंगा अडवतं का? ते म्हणाले, "अडवते ना." तेव्हाच ठरवलं की हे तुम्हाला नीट लिहून कळवायचं. त्यांच्या तोंडून ही गोष्ट दर वेळी थोडी वाढते आणि माझी त्यातली चूक ते भिडेपोटी गाळतात.

मोठे आजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. मी, तुमची आजी, त्यांना दादाजी म्हणते. त्यांचं गाव धरणात गेलं तेव्हा सगळे नव्या गावठाणात राहायला गेले. दादाजींचं शेत मात्र चढावर होतं, ते पाण्याबाहेर राहिलं, म्हणून दादाजीही तिथेच राहिले. एकटे. आमचं बाभुळगावकडचं घर या काठाला. पावसाळ्यात त्यांच्याकडे जाणारी काळ्या मातीची वाट बंद होते, मग पाण्यावरून जायचं.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांना शुगर आहे. पंधरा दिवसांत करंगळी काळी पडली. डॉक्टरांनी सांगितलं, दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग, चुकलं तर पाय ठेवता येणार नाही.

म्हणून तुमच्या आजोबांनी मासेमारी सोडलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना डोंगा, म्हणजे लहान नाव, आणि त्याच्या मागे लावायची जुनी मोटर आणली. मोटरला एक लाल टाकी होती, ती डोंग्यात सुटी ठेवायची. त्यातून रबरी नळीने पेट्रोल मोटरमध्ये जायचं. घरी आणल्यावर ती टाकी धान्याच्या खोलीत राहायची. गव्हाला पेट्रोलचा वास लागू नये म्हणून ती घट्ट बंद करायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

पहिल्या फेरीपासून मोटर अर्ध्या वाटेत बंद पडू लागली, आणि तीही एकाच ठिकाणी. बुडालेल्या गावाच्या पारावरचा पिंपळ अजून उभा आहे, पान नसलेला, पांढरा. त्याच्या आसपास आलं की मोटर खोकायची आणि गप्प व्हायची. तिथे पाण्यात आणखीही वाळकी झाडं आहेत, काही वर दिसतात, काही दिसत नाहीत. वारा डोंग्याला त्यांच्याकडेच ढकलायचा. मग खालून लाकूड घासल्याचा आवाज यायचा.

आजोबा मोटर बाभुळगावच्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. तो मोटरसायकली आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा एकत्र होतात तो भाग. आतल्या पितळी जेटचं भोक तारेने मोकळं केलं.

"काका, कचरा व्हता. एवढासा. आता पाहा."

त्याने मोटर पाण्याच्या ड्रमला लावली, सलाईनसारखी पेट्रोलची बाटली वर टांगली आणि दोरी ओढली. मोटर अर्धा तास चालली. तिसऱ्या दिवशी पिंपळाजवळ पुन्हा बंद.

असं चार वेळा झालं. जेट बदलला, फ्लोट बदलला, प्लग नवा टाकला. मिस्त्री कंटाळून म्हणाला, "काका, हे तर म्हशीसारखी आहे. माह्या दारात गुमान दूध देते अन् तुमच्या दारात लाथा मारते. तुमचंच काही चुकून राह्यलं."

आजोबांना राग आला, पण बोलणं बरोबर होतं.

पाण्यावर मोटर बंद पडली की आजोबा टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का ते बघायचे. तेवढ्यात दादाजी पिंपळाकडे तोंड करून हात जोडायचे. मग दोरी ओढली की मोटर सुरू व्हायची आणि काठापर्यंत न्यायची. एकटे असले की आजोबा स्वतःच हात जोडायचे, दादाजींनी तसं बजावलं होतं. चौथ्या वेळी दादाजी म्हणाले, "पायलं का? हात जोडले का सोडते. मी गेलेलं गावाले नको आहे. आता मले नेऊ नको."

"दादा, पाय जाईन तुमचा."

"जाऊ दे. गावाच्या मनात असन तर जाऊ दे."

त्यानंतर दोनदा आजोबा गेले आणि रिकामा डोंगा घेऊन परत आले. फोनवर दादाजी म्हणायचे, दुखत नाही. डॉक्टर म्हणाले, दुखत नसेल तर ते जास्त वाईट.

तिसऱ्या वेळी मी सोबत निघाले. आभाळ भरलेलं होतं आणि पाणी शिशासारखं दिसत होतं. पिंपळाजवळ मोटर बंद पडली.  डोंगा सावकाश झाडांकडे सरकायला लागला. नळीच्या मधोमध एक रबरी फुगा असतो, तो चपटा होऊन चिकटला होता, कोणी आतून चोखल्यासारखा. आजोबांनी झाकण फिरवलं. फुस्स असा आवाज आला आणि फुगा माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा गोल झाला.

त्यांनी दोरी ओढली. मोटर सुरू झाली.

या वेळी हात कोणी जोडले नव्हते, आजोबांनीही नाही. दादाजी डोंग्यात नव्हतेच.

मी झाकण हातात घेतलं. त्याच्या मधोमध एक छोटा स्क्रू होता, बाजूला पुसट इंग्रजी अक्षरं, उघडा आणि बंद. घरात ती अक्षरं वाचणारी मीच. प्रत्येक फेरीनंतर मी तो स्क्रू बंद करत होते, अगदी चिमटीने पिळून, आणि तो मोटर चालवताना उघडायचा असतो हे कोणालाच माहीत नव्हतं. पेट्रोल बाहेर जाई, त्याच्या जागी हवा आत येईना, ठरावीक वेळात मोटरचा गळा आवळला जाई. तेवढ्याच वेळात पिंपळ येई. मिस्त्रीकडे टाकी कधी गेलीच नव्हती, तिथे बाटली होती.

मी स्क्रू उघडला. मोटर पलीकडच्या काठापर्यंत एकदाही खोकली नाही.

दादाजी बाजेवर पडून होते. दारातच वास आला. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर बसून बोलले नव्हते, त्या दिवशी बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"म्हंजे गव्हासाठी?"

"हो, दादाजी."

"म्हंजे मी ज्याले हात जोडत व्हतो, ते गाव तूच व्हतीस तर, बाई."

आजोबा हसले नाहीत. मीही नाही. दादाजींनी काठी मागितली.

येताना पिंपळाजवळ त्यांनी डोळे मिटून घेतले. मोटर चालत राहिली, आणि मला वाटतं ती बंद पडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांना यवतमाळला नेलं. दोन फेऱ्या वाया गेल्या नसत्या तर एकच बोट गेलं असतं असं तिथले डॉक्टर म्हणाले. दोन गेली, आणि तळव्याची बाहेरची कड. तो हिशोब माझ्याकडे आहे, त्यांनी कधी मागितला नाही.

टाच, घोटा आणि तीन बोटं आहेत. त्यांवर ते काठी घेऊन चालतात.