उस्ता वहबाचा थंड चोक

अलेक्झांड्रियाच्या अत्तारीन भागात कुणाची ट्यूबलाइट लुकलुकायला लागली की लोक एकच नाव घ्यायचे, उस्ता वहबा. उस्ता म्हणजे कसबी कारागीर; चाळीस वर्षं हा माणूस ट्यूबचे चोक भरत आला. तांब्याची तार, लोखंडी पट्ट्या आणि स्वतःचे दोन हात, एवढंच भांडवल. भरलेला चोक गिऱ्हाइकाला देण्याआधी तो जरा वेळ चालू ठेवायचा आणि त्यावर तळहात टेकायचा. ऊन लागला की म्हणायचा, "जिवंत आहे, घेऊन जा." थंड लागला की पुन्हा उघडायचा. मीटर बिटर म्हणजे त्याच्या लेखी पोराटोरांची खेळणी. आणि खरं सांगायचं तर त्याचा हात कधी चुकलाही नव्हता. माज काही उगाच नव्हता!

याच वहबाच्या घरी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तीत जिवंत प्रवाळ. हे वेड त्याला लावलं कॅप्टन रऊफने. कॅप्टन म्हणजे बंदरात मोठी जहाजं आत आणणारा, आता निवृत्त झालेला. शहरात या वेडाचे दहा-बारा जण होते, शुक्रवारी कुणाच्या तरी घरी चहाला जमायचे. त्यांची एक रीत होती. आपलं प्रवाळ वाढलं की तुकडा तोडून दुसऱ्याला द्यायचा, फुकट. उद्या आपल्या टाकीतलं मेलं तर त्याच्याकडून आपल्याच प्रवाळाचा तुकडा परत मागायचा. त्यात लाज कसली?

कॅप्टनची बायको इग्लाल हिने एक फांद्याफांद्यांचं गुलाबी प्रवाळ वाढवलं होतं. सगळे त्याला 'इग्लालची गुलाबी' म्हणत. ती गेली आणि कॅप्टनला त्या टाकीकडे बघवेना. ऑगस्टच्या उकाड्यात पाणी तापलं, टाकीतलं सगळं मेलं. ज्यांच्याकडे तुकडे होते त्यांच्याकडचेही एकेक करून गेले. उरला फक्त वहबाकडचा.

थंडी सुरू झाली तसा कॅप्टन एका शुक्रवारी म्हणाला, "वहबा, मला टाकी परत भरायचीय. तिच्या हातचं जिवंत असं एवढंच राहिलंय. वाढलं की अर्धं दे."

"मरियमची शपथ, कॅप्टन! वसंताच्या सणाआधी तुमच्या घरी."

शपथ घेऊन बसला, पण घरी येऊन बघतो तर तुकडा मातकट तपकिरी पडलेला आणि बोटभरही वाढलेला नाही.

मंडळातली डॉक्टर शहीरा, औषधांच्या दुकानातली, तोंडाची भलती फटकळ. तिने टाकीवरच्या जाड ट्यूबांकडे बघून नाक मुरडलं. "उस्ता, या ट्यूबा आणि तुमचे घरचे चोक जिन्यात लावा. या प्रवाळाला उन्हाच्या तोडीचा उजेड लागतो. बारीक ट्यूबा आणा. दोन पांढऱ्या, दोन निळ्या. प्रत्येकीच्या मागे चकचकीत पत्रा. आणि इलेक्ट्रॉनिक चोक."

"ज्या डबड्याने माझं निम्मं गिऱ्हाईक खाल्लं, ते मी माझ्या घरात आणू?"

"आण की!" आतून बायको फिब्रोनिया ओरडली. "कॅप्टनपुढे शपथ कुणी घेतली, मी?"

वहबा बाजारात गेला, पण डोळे मिटून घेणाऱ्यातला नव्हे. तीन दिवस त्याने दुकानदारांचं डोकं खाल्लं. चोकवर लिहिलेले वॅट आणि ट्यूबचे वॅट जुळवले. धाडकन पेटवणारा चोक बाजूला सारून, ट्यूबची टोकं आधी तापवून मग हळूच पेटवणारा निवडला. ट्यूब कशाने टिकते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

घरी येऊन जोडलं. चारही ट्यूबा न लुकलुकता पेटल्या. जरा वेळ थांबून वहबाने सवयीने चोकवर तळहात टेकला. जेमतेम कोमट!

"बघितलंस?" तो फिब्रोनियाला म्हणाला, "थंडगार. हा काय उजेड देणार, कप्पाळ!" आणि उजेड कमी पडू नये म्हणून त्याने ट्यूबा पाण्यापासून चार बोटांवर आणल्या आणि सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवल्या.

चौथ्या दिवशी इग्लालची गुलाबी हाडासारखी पांढरी पडली.

नेमका तो शुक्रवार, आणि मंडळी त्याच्याच घरी येणार होती. त्याने टाकीवर चादर टाकायला घेतली, तर फिब्रोनियाने ती हिसकून घेतली. "तोंड लपवू नकोस. सरळ सांग."

कॅप्टन आला तसं त्याने सांगितलं. "कॅप्टन, माझ्या हातून मेलं."

कॅप्टन काचेला नाक लावून उभा राहिला. शहीराने मात्र बॅगेतून फोटोवाल्याकडचं उजेड मोजायचं यंत्र काढलं. आधी काढून ठेवलेल्या जुन्या ट्यूबा पेटवून त्यांच्याखाली धरलं, मग नव्यांखाली. काटा जवळजवळ तिप्पट पुढे गेला.

"काय केलंत हो हे?" ती म्हणाली. "जाळलंत त्याला उजेडाने!"

"पण चोक तर थंड..."

"थंड आहे म्हणूनच! तुमचा चोक तापतो ती फुकट गेलेली वीज, उस्ता. याची जवळजवळ सगळी ट्यूबला मिळते. तुमचा हात उष्णता मोजतो, उजेड नाही."

वहबाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. चाळीस वर्षं ज्याला तो जीव म्हणत होता, ती नासाडी होती! वेड्यासारखा तो आपल्या तळहाताकडे बघत बसला.

मग कॅप्टनच बोलला. "पांढरं पडलंय, पण मेलेलं नाही. ही बघ, बारीक तोंडं अजून उघडतायत. वहबा, वसंताला अजून वेळ आहे."

त्या दिवसापासून वहबा माणूसच बदलला. ट्यूबा साखळीने हातभर वर टांगल्या. चारातल्या दोनच, त्याही दिवसाला चार तास. यंत्र शहीराकडून उसनं घेतलं ते परत देईचना. दर रविवारी चर्चहून आला की मोजायचा, वहीत लिहायचा आणि साखळीची एकच कडी खाली सोडायचा. आठवड्याला एक! "लेकराचं बारसं झालं तेव्हा त्यालाही एवढं सांभाळलं नव्हतंस," फिब्रोनिया चिडवायची. जानेवारीत फांद्यांना फिका तपकिरी रंग चढला. फेब्रुवारीत टोकं गुलाबी झाली. मार्चअखेर ती अशी काही फुलली की इग्लालच्या हातीही तिचा रंग इतका गडद नव्हता, असं शहीरानेच कबूल केलं. शहीराने! कुणाचं कौतुक करताना तिची जीभ अडखळते, ते सगळ्या मंडळाला ठाऊक.

सणाच्या आदल्या शुक्रवारी सगळं मंडळ कॅप्टनच्या घरी. आधी वहबाने स्वतःच्या हाताने ट्यूबा आणि चोक बसवले. एकाने खोचकपणे विचारलं, "उस्ता, तुमचे भरलेले चोक कुठायत?"

"भरतो अजून, जिन्यांसाठी," वहबा छाती काढून म्हणाला. "समुद्रासाठी हा. आणि मोजल्याशिवाय एक कडी खाली सोडायची नाही, मग सांगणारा माझ्यासारखा चाळीस वर्षांचा उस्ता का असेना!"

हशा पिकला, टाळ्या पडल्या, फिब्रोनियाने लग्नात करतात तसा जिभेचा हुलूहुलू आवाज काढला. वहबाने पक्कड घेऊन बादलीतून आणलेलं प्रवाळ मधोमध तोडलं आणि अर्धं कॅप्टनच्या हातावर ठेवलं.

कॅप्टनने बाहीसुद्धा वर केली नाही. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तुकडा खडकावर टेकवला आणि काढेचना हात.

"इग्लाल," तो म्हणाला, "आलीस गं घरी."