गुरुजींची मोठी स्कूटर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विसरलो होतो म्हणून नव्हे. सिंदी मेघेतल्या आमच्या कॉलनीत गाड्यांच्या बाबतीत माझ्या शब्दाला जे वजन आहे ते राहणार नाही, या एका भीतीपोटी. आता वय असं झालं आहे की ते वजन सोबत घेऊन कुठे जायचं नाही. शिवाय गुरुजींबद्दल कॉलनीत अजूनही जे बोललं जातं ते खोटं आहे, आणि ते पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालेलं आहे.

आधी मुद्द्याचं सांगतो. मोठ्या स्कूटरला जास्त ताकदीचं इंजिन आणि जास्त वेग हवा का, हा प्रश्न चौकातल्या चहाच्या टपरीवर आजही निघतो. माझं उत्तर ठाम आहे. ताकद हवी. वेगाचं मला सांगू नका. काट्यावरचा शेवटचा आकडा कुठल्या म्हाताऱ्याने गाठून पाहिलेला नाही, पाहूही नये. पण वेग वेगळा आणि ओढ वेगळी. गाडी मोठी म्हणजे मुळात जड. सीट लांब, म्हणजे मागचा माणूस ऐसपैस बसणार. पायाशी जागा, म्हणजे तिथे पोतं येणारच. रिकामी जागा दिसली की सामान ठेवायचं हा आपला स्वभाव आहे. हे सगळं घेऊन चढ चढायचा आणि वेळ पडली तर ट्रकच्या पुढे निघायचं, तर मूठ पिळल्याबरोबर गाडीने झेप घेतली पाहिजे. ती झेप नसेल तर मोठी स्कूटर म्हणजे चाकं लावलेला सोफा.

हे मी आज सांगतो. गुरुजींनी गाडी घेतली त्या वर्षी मी नेमकं उलट सांगितलं होतं.

मी सरकारी कचेरीत बाबू होतो. स्कूटर तिरकी करून, मग किक मारून चालू करायच्या काळापासून मी दुचाकी वापरतो. उघडून पाहायची हौस होती, कान चांगला होता. त्यामुळे कॉलनीत कोणी गाडी घ्यायची म्हटली की आधी माझ्याकडे यायचा. माझा एक नियम होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. जो मागे बसणार, त्याला ट्रायलला सोबत आणा. एकट्याने चालवून गाडी कळत नाही. बायका, आया, एकदा तर एकाची आजी, नऊवारी सावरत शोरूमच्या दारात माझ्या मागे बसली आहे. पोरं हसायची, पण नियम पाळायची.

गुरुजी माझे शेजारी. निवृत्त शिक्षक, बोलायला मिश्कील. कारंज्याकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा होता आणि दर आठवड्याला ते आणि वहिनी स्कूटरने तिकडे जायचे. जुनी स्कूटर थकली, तेव्हा बाजारात मोठ्या अंगाची एक नवीन आली होती. अंग एकच, पण इंजिन दोनपैकी निवडायचं, एक लहान आणि एक मोठं.

"बाबूसाहेब, मी मोठं इंजिन घेतो म्हणतो," गुरुजी टपरीवर म्हणाले.

"कायले?"

"हायवे आहे. ट्रक राह्यतात. मागं ही बसते, पायापाशी संत्र्याचं पोतं राह्यते."

"गुरुजी, स्कूटर म्हणजे खुर्ची. खुर्चीले येवढी ताकद कायले पाह्यजे? बगीच्यात चालले का रेसमंदी?"

टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "जाऊ द्या ना बाबूजी. गुरुजी जोरात आले त संत्र्याचा रस होऊनच घरी येईन."

सगळे हसले. गुरुजीही हसले. पण ग्लास खाली ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, "चढावर दमणार त नाई ना?"

"मी सांगून राह्यलो ना," मी म्हणालो.

आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्यावर सोपवायचं, ही त्यांची रीत. ते म्हणाले, "मंग तुम्ही म्हणान ते घेऊ."

शोरूमला गेलो त्या दिवशी वहिनी स्कार्फ बांधून, पर्स काखेत घट्ट धरून तयार होत्या. त्यांना माझा नियम माहीत होता. "भाऊजी, माही परीक्षा आहे ना आज?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पंख्याखाली बसा, वहिनी. गाडी मले समजली."

असं मी का म्हणालो? टपरीवर निकाल देऊन झाला होता. ट्रायल नावापुरती उरली होती. लहान इंजिनाच्या गाडीवर मी एकटाच बसलो आणि एक चक्कर मारून आलो. आमच्याकडचा रस्ता तव्यासारखा सपाट. गाडी लोण्यासारखी पळाली. मी उतरलो, सीटवर थाप मारली आणि म्हणालो, "घ्या."

गाडी घरी आली तेव्हा माझी बायको चाकाखाली ठेवायला लिंबं घेऊन धावली. गुरुजी बौद्ध, त्यांना असलं काही मान्य नव्हतं. "वहिनी, ते लिंबू सरबतात घाला, गर्मी लय आहे," ते म्हणाले, आणि आम्ही खरंच सरबत प्यायलो.

अपघात त्याच वर्षी संत्र्याच्या हंगामात झाला. परत येताना, हायवेच्या एका लांबलचक चढावर. पुढे ट्रक रांगत होता, धूर सोडत होता. गुरुजी उजव्या बाजूने निघाले. ट्रकच्या बरोबरीला आले आणि गाडी तिथेच अडकली. ना पुढे, ना मागे. मागून बस हॉर्न वाजवत आली. गुरुजींनी गाडी दुभाजकाकडे घेतली आणि दोघं पडले. त्यांना खरचटलं. वहिनींचा गुडघा मोडला. तो नंतर बसवला, पण पुरता वाकला नाही.

दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा गुरुजी एकटे बाकावर बसले होते. "बाबूसाहेब, मी मूठ पूर्ण पिळली होती. गाडी निघालीच नाई," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. विद्यार्थ्याने अडलेलं गणित मास्तरसमोर ठेवावं, तसे ते बोलले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी आलो.

संध्याकाळी टपरीवर सगळे वाट पाहत होते. "काय झालं हो? गाडीत काही खराबी?"

तिथे मी म्हणालो, "गाडीले काय होते? गुरुजींनी घाई केली. मूठ पूर्ण पिळली होती म्हणे. त्यांनीच सांगितलं मले."

शब्द त्यांचेच होते. मी फक्त अर्धे ठेवले आणि अर्धे गिळले.

"या वयात?" कोणीतरी म्हणालं. "लिंबू ठेवलं असतं त..." दुसरा म्हणाला. दोन दिवसांत सगळ्या कॉलनीत झालं की गुरुजी बेफाम चालवत होते. नागपूरला राहणाऱ्या मुलाने येऊन किल्ली काढून घेतली. बगीचा ठेक्याने दिला गेला. स्वतःची झाडं पाहायला गुरुजींना दुसऱ्याच्या गाडीची वाट पाहावी लागू लागली, आणि दुसऱ्याला सवड क्वचितच असायची. सकाळी फिरायला निघाले की टपरीवाला ओरडायचा, "हळू चाला गुरुजी, चालान येईन!" त्यांचं नावच 'फास्ट गुरुजी' पडलं. ते हात वर करून हसायचे. मी पेपरात तोंड घालायचो.

गाडी दुरुस्त होऊन त्यांच्या अंगणात उभी होती. मुलाने किल्ली वहिनींकडे ठेवली होती. एकदा गुरुजी म्हणाले, "बॅटरी उतरते. जरा फिरवून आणा." मी फिरवायला म्हणून नेली, पण माझ्या मनात वेगळंच होतं. बायकोला मागे बसवलं, पायाशी तांदळाचं पोतं ठेवलं आणि सरळ त्या चढावर गेलो.

सपाटीला गाडी छान चालली. चढ लागला आणि आवाज वाढत गेला, वेग उतरत गेला. पुढे एक ट्रॅक्टर होता. मी मूठ पिळली, शेवटपर्यंत पिळली. गाडी नुसती ओरडत होती. बायकोने मागून विचारलं, "उतरू का मी?"

मी गाडी कडेला घेतली. तिने सगळं ओळखलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही त मागं माणूस बसवल्याबिगर गाडी पास करत नव्हते. यावेळी काऊन केली?" मी गाडी परत चालू केली. "मंग आता जाऊन सांगा त्यांले."

गेलो. गुरुजी व्हरांड्यात बसले होते. पोतं गाडीवर पायाशीच होतं, ते त्यांना दिसलं. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशी वाटली गाडी?"

दारात वहिनी काठी टेकवत येऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावरून टपरीवाला जात होता, तोही थांबला.

"चांगली आहे," मी म्हणालो.

गुरुजी हळूच म्हणाले, "हो ना. गाडी चांगलीच आहे." पुढच्या महिन्यात त्यांनी ती विकून टाकली. माझ्याशी बोलणं कमी केलं नाही, उलट तितक्याच मायेने बोलत राहिले. मला तेच जड जायचं.

ते गेल्या वर्षी गेले. श्रद्धांजलीच्या सभेत एकजण प्रेमाने म्हणाला, "गुरुजी मनानं तरुण होते, वेगाचे शौकीन होते." लोक डोळे पुसत हसले. मी पुढच्याच रांगेत होतो. उठून दोन वाक्यं बोलायला कोणी मला अडवलं नव्हतं.

त्यानंतर मुलगा वहिनींना नागपूरला न्यायला आला. सामान चढलं. वहिनींना गाडीत बसायला वेळ लागला. आधी बसायचं, मग न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घ्यायचा. मी दार धरून उभा होतो. मुलगा घराला कुलूप लावत होता.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? ते खरंच जोरात चालवत होते का हो? मी मागं बसली होती, मले त तसं नाई वाटलं. पण इतके सारे जण म्हणतात. आता मलेच समजत नाई."

"आता कायले ते काढता, वहिनी," मी म्हणालो. "सांभाळून जाजा."

दार मी स्वतःच लावलं. गाडी कोपऱ्यावरून वळली, आणि मग ते सगळे शब्द ओळीने तोंडात आले. वहिनी, ते जोरात नव्हते. तुम्हाला जे वाटलं तेच खरं होतं. त्यांनी मोठं इंजिन मागितलं होतं, मी हसून उडवलं. तुम्ही ट्रायलला तयार होऊन आल्या होत्या, मी तुम्हाला पंख्याखाली बसवलं. चूक माझी होती आणि नाव त्यांचं झालं. मले माफ करा.