पितळी कॉक

दुधाच्या ओल्या किटलीचा वास आला की मला आमच्या दूध सोसायटीचा तो बंद पडलेला नळ आठवतो. मी तिथली सचिव. सकाळी दूध घालायचं आणि विसळलेली किटली पाण्यानं भरून घरी न्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा तर गावाला सोसायटीच्या बोअरचाच आधार होता. त्याच वर्षी तालुक्याच्या दूध संघानं इमारतीच्या टाकीला सेन्सर आणि विजेचा वॉल्व्ह बसवला आणि नळाचा ताबा शहरातल्या साहेबांच्या मोबाइलवर गेला. एका सकाळी धार मधेच थांबली. रांगेतली म्हातारी म्हणाली, "ताई, पाणी का म्हून गेलं? टाकी तर भरलेली हाय." मी फोन लावला. साहेब म्हणाले, "ॲपवर रोज सकाळी गळती दिसते, म्हणून इथूनच बंद केलं." "गळती न्हाई साहेब, सभासद हायेत ते!" "सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही." माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, पाना घेऊन गच्चीवर चढले आणि तो विजेचा वॉल्व्ह काढून हातानं फिरवायचा जुना पितळी कॉक बसवला. खाली किटल्या खणखणल्या. थोड्या वेळानं साहेबांचाच फोन आला, "वॉल्व्ह स्क्रीनवर दिसत नाही!" म्हटलं, "दिसंल कसा? माझ्या टेबलावर हाय, येऊन न्या." न्यायला कुणी आलं नाही. आज त्या इमारतीतलं सगळं फोनवर चालतं, मीच चालवते; पण तो कॉक अजून कुणाला काढू दिलेला नाही.